शिक्क्याविना हुकूम

बँकेच्या शाखेत टपाल फोडण्याचे काम शक्यतो जबाबदार माणसाकडे देतात. त्याचे कारण बाहेरच्यांना चटकन कळत नाही. धनादेश, हेड ऑफिसची परिपत्रके, दिवाळीची भेटकार्डे यांच्या गठ्ठ्यात एखाद्या दिवशी दिवाणी न्यायालयाचा जप्तीचा हुकूम निघतो, नाही तर आयकर खात्याची वसुलीची नोटीस. असा कागद हातात पडला की त्यावर आधी वेळ टाकायची. तारीख नव्हे, वेळ. अकरा वाजून दहा मिनिटांनी आला तर अकरा दहा. त्यानंतर त्या खात्यातून एक रुपया जरी बाहेर गेला, तरी तो अधिकाऱ्याच्या मानेवर. ३४ वर्षांच्या नोकरीत असे कागद मी शेकडो पाहिले. खाते गोठवणे हा शब्द वर्तमानपत्रवाल्यांना हल्ली फार आवडतो. आम्ही मात्र तो उच्चारताना आवाज खाली करायचो, कारण ज्याचे खाते असे थांबते त्याच्या घरी त्या रात्री काय होते, हे गावातल्या शाखेत बसलेल्या माणसाला ठाऊक असते.

एका तालुक्याच्या गावी मी असताना एका गृहस्थाविरुद्ध न्यायालयाचा हुकूम आला. वादीचा माणूस हुकमाच्या पाठोपाठ येऊन टेबलासमोर बसला. त्या गृहस्थाचे स्वतंत्र खाते रिकामे होते. पैसे होते ते पतिपत्नीच्या संयुक्त खात्यात, आणि त्यात बाईंचा प्राथमिक शाळेचा पगार जमा होई. वादीच्या माणसाचे म्हणणे, "नाव आहे ना त्यात त्याचे? मग लावा की टाच." आमचे मॅनेजर जुन्या वळणाचे. त्यांनी आवाज न चढवता सांगितले, "हुकूम एकाच्या नावावर आहे, खाते दोघांचे आहे. कोर्टाकडून तसे लिहून आणा." हे त्यांच्या दयाळूपणाचे उदाहरण म्हणून सांगत नाही. सीएआयआयबीच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक कारकुनाला हा नियम पाठ असायचा. एकाच्या नावावरचा न्यायालयाचा जप्तीहुकूम संयुक्त खात्याला लागू होत नाही. हुकमावर नाव हवे, रक्कम हवी, न्यायालयाचा शिक्का हवा, आणि ज्याच्याविरुद्ध हुकूम आहे त्याला न्यायालयात जाऊन आपले म्हणणे मांडण्याची वाट मोकळी हवी.

एवढे सगळे सांगायचे कारण, २०२२ च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या सरकारने आपल्या देशातल्या बँकांना जे सांगितले ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. निदर्शनात सामील असलेल्यांची खाती तुम्हीच शोधा आणि तुम्हीच थांबवा; न्यायालयाच्या हुकमाची वाट पाहू नका; आणि सद्हेतूने केलेत तर तुमच्यावर कोणी दिवाणी दावा लावू शकणार नाही. अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी १४ फेब्रुवारीला हे जाहीर केले. कॅनडा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सभ्य, शिस्तीचा, कोणाच्या पायावर पाय पडला तर आधी स्वतःच माफी मागणारा देश येतो. त्या देशात बँकेच्या कारकुनाच्या हाती पोलिसाचा दंडुका आला होता.

हा प्रसंग मुळापासून सांगायला हवा, कारण त्यातले आंदोलक काही माझ्या गोतावळ्यातले नव्हेत. कॅनडा आणि अमेरिका यांच्यात मालवाहतूक करणाऱ्या ट्रकचालकांना १५ जानेवारी २०२२ पासून कोविडच्या लशीची सक्ती झाली. बहुतेक चालकांनी लस घेतलेली होती. ज्यांनी घेतली नव्हती त्यांनी, आणि त्यांच्या आडून सरकारवर चिडलेल्या इतर अनेकांनी, देशाच्या कानाकोपऱ्यातून ट्रक काढले आणि जानेवारीच्या अखेरीस राजधानी ओटावात पार्लमेंटसमोरच्या वेलिंग्टन रस्त्यावर ते उभे केले. 'फ्रीडम कॉन्व्हॉय' असे त्याचे नाव. गर्दीत नाझी स्वस्तिकाचा झेंडा दिसला, अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या पाठीराख्यांचा झेंडा दिसला. अनाम सैनिकाच्या समाधीवर कोणी नाचले. बेघरांच्या अन्नछत्रात शिरून काहींनी फुकट जेवण मागितले आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना त्रास दिला. सार्वजनिक आरोग्यासाठी लस घ्यावी असे मानणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्याबद्दल कणव वाटायचे काही कारण नव्हते.

माझी भाची ओटावात राहते, पार्लमेंटपासून चालत पंधरा मिनिटांवर. त्या दिवसांत तिचा फोन आला की मागून भोंगे ऐकू येत. ट्रकचे भोंगे आगगाडीसारखे असतात, आणि ते रात्री-अपरात्री वाजत. तिचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. तो झोपेतून दचकून उठायचा. सरकारने आणीबाणीचा कायदा लावला त्या दिवशी ती म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे." मी बँकांच्या हुकमाविषयी काही बोलू लागलो तर तिने मला मध्येच तोडले. "मामा, तू पुण्यात बसून कायदा बोलतोस. इथे दोन आठवडे झोपून दाखव."

तिचे म्हणणे मला खोटे वाटत नव्हते, आजही वाटत नाही. शेजाऱ्याची झोप हाही एक नागरी हक्कच आहे. पण पुढची हकिकत पाहण्यासारखी आहे. भोंगे बंद करायला आणीबाणी लागली नाही. ओटावातली २१ वर्षांची एक तरुणी न्यायालयात गेली आणि ७ फेब्रुवारीला तिने भोंग्यांविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. विंडसर आणि डेट्रॉइट यांना जोडणारा अ‍ॅम्बॅसेडर पूल आंदोलकांनी अडवला होता. दोन्ही देशांमधला जवळजवळ एक चतुर्थांश माल त्या एका पुलावरून जातो. तिथेही ऑन्टारिओच्या न्यायालयाने ११ फेब्रुवारीला मनाईहुकूम दिला आणि १३ तारखेला पोलिसांनी पूल मोकळा केला. अल्बर्टातल्या कूट्स या सीमेवरच्या ठाण्यापाशी शस्त्रे सापडली, माणसे पकडली गेली, तीही नेहमीच्या फौजदारी कायद्याखाली. म्हणजे १४ तारखेला पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी आणीबाणीचा कायदा पुकारला तेव्हा ओटावा सोडून बाकी ठिकाणी साधा कायदा आपले काम करत होता. ओटावात तो करत नव्हता, कारण तिथल्या पोलिसांचे नियोजनच फसले होते. पोलिसप्रमुखांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला.

आपल्याकडच्या पुष्कळांना तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बसले असताना, २०२० च्या नोव्हेंबरअखेर याच ट्रूडोंनी शांततापूर्ण निदर्शनांच्या हक्काला आपला पाठिंबा जाहीर केला होता, आणि भारत सरकारने कॅनडाच्या उच्चायुक्तांना बोलावून नापसंती कळवली होती. सव्वा वर्षाने ट्रक ट्रूडोंच्या दारात आले. व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हा टाळ्या पिटल्या गेल्या. मला त्यात मौज वाटली नाही. शेतकऱ्यांबद्दल ट्रूडो बोलले ते योग्यच होते. दुसऱ्याच्या अंगणात जे तत्त्व सांगितले ते स्वतःच्या अंगणात टिकले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता बँकांकडे वळतो. हुकूम १५ फेब्रुवारीपासून अमलात आला. ज्याने बंदी घातलेल्या जमावात भाग घेतला त्याच्याशी बँकेने, पतसंस्थेने, गुंतवणूक कंपनीने कोणताही व्यवहार करायचा नाही. विमा कंपनीने त्याच्या ट्रकचा विमाही स्थगित करायचा. लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी गोळा करणाऱ्या संस्थांनी सरकारी यंत्रणेकडे नोंद करायची. आपल्याकडे अशी कोणाची मालमत्ता आहे का, हे बँकेने सतत तपासत राहायचे आणि आढळल्यास पोलिसांना कळवायचे. रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांनी बँकांना नावे पुरवली. सुमारे २८० खाती थांबवली गेली. त्यांत सुमारे ८० लाख डॉलर होते.

देशाच्या मानाने हा आकडा काहीच नाही, असे म्हणणारे आहेत. बँकेच्या भाषेत मी एवढेच विचारतो, की त्या खात्यांवर वेळ कोणी टाकली? हुकमावर रक्कम होती का? नव्हती. एखाद्याने दहा हजार डॉलर बुडवले म्हणून दहा हजार थांबवले, असा हिशेबच इथे नव्हता. सगळे थांबवायचे होते. संयुक्त खात्यांचेही तेच झाले. नवरा ट्रक घेऊन ओटावात, बायको शेकडो मैलांवर घरी. तिचे कार्ड दुकानात चालेना. घरभाडे, औषध, कर्जाचा हप्ता यांसाठी काही रक्कम मोकळी ठेवावी, एवढीही सोय त्या आदेशात केलेली नव्हती. चुकून नाव आले असेल तर दाद कुठे मागायची, याची स्पष्ट वाटही नव्हती. देणगी देणाऱ्यांची यादी आपण बँकांना दिली नाही, असे पोलिसांनी नंतर सांगितले आणि ते खरेही असेल. पण हुकमाची भाषा इतकी ऐसपैस होती की वीस डॉलर पाठवलेल्या निवृत्त शिक्षकाच्याही पोटात गोळा यावा.

या कल्पनेच्या मुळाशी एक विचार होता आणि तो केवळ राजकारण्यांचा नव्हता. ७ फेब्रुवारीला 'ग्लोब अँड मेल' या दैनिकात एक लेख आला. ओटावात चालले आहे तो राजद्रोह आहे, त्याच्या पैशाचा माग काढा आणि पैसा पुरवणाऱ्यांना धडा शिकवा, असा त्याचा रोख होता. लेखक होते मार्क कार्नी, बँक ऑफ कॅनडा आणि बँक ऑफ इंग्लंड या दोन मध्यवर्ती बँकांचे माजी गव्हर्नर. ते तेव्हा कुठल्याच सरकारी पदावर नव्हते. २०२५ च्या मार्चमध्ये ट्रूडोंच्या जागी तेच पंतप्रधान झाले. पैशाच्या नळाची चावी कुठे असते, हे मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नराइतके कोणाला कळणार? शाखेच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचे तोंड मात्र त्या उंचीवरून दिसत नसावे.

कॅनडाला हा विषय नवा नाही, म्हणून तर त्याचे अधिक वाईट वाटते. १९१४ साली पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला तिथे वॉर मेझर्स अ‍ॅक्ट आला. त्याखाली ८,५०० च्या आसपास माणसे छावण्यांत डांबली. त्यांतले बहुतेक युक्रेनी मजूर, गुन्हा काय तर पासपोर्ट ऑस्ट्रिया-हंगेरीचा. दुसऱ्या महायुद्धात पाळी आली जपानी वंशाच्या सुमारे २२,००० लोकांवर. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. १९४२ मध्ये त्यांना पश्चिम किनाऱ्यावरून उठवले. मासेमारीच्या सुमारे १,२०० होड्या जप्त झाल्या. घरे, दुकाने, शेते 'सांभाळण्यासाठी' सरकारी पालकाकडे सोपवली गेली आणि त्या पालकाने ती मालकांना न विचारता विकली. आलेल्या पैशातून काय केले, तर त्याच मालकांच्या स्थानबद्धतेचा खर्च वळता करून घेतला. मी बँकवाला असल्यामुळे असेल, पण मला या कहाणीतला हा जमाखर्च सर्वांत भयंकर वाटतो. युद्ध १९४५ ला संपले. किनाऱ्यावर परतण्याची मुभा त्यांना १९४९ मध्ये मिळाली.

हाच कायदा पुढे १९७० मध्ये शांततेच्या काळात वापरला तो जस्टिन ट्रूडोंचे वडील पिएर ट्रूडो यांनी. क्विबेकमधल्या फुटीरतावादी गटाने ब्रिटिश अधिकारी जेम्स क्रॉस आणि प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांना पळवले होते. लापोर्त यांचा पुढे खून झाला. प्रसंग गंभीर होता यात शंका नाही. पण १६ ऑक्टोबरला कायदा पुकारल्यावर जी ४९७ माणसे उचलली त्यांतल्या बहुतेकांवर कधी आरोपही ठेवले गेले नाहीत. कवी, गायिका, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, सगळे त्यात. त्यांपैकी जेराल्ड गोदें नावाच्या कवीने १९७६ मध्ये क्विबेकचे प्रांतप्रमुख रॉबेर बुरासा यांना त्यांच्याच मतदारसंघात पाडले. कवींच्या नादी लागू नये ते यासाठी!

त्या वेळी ओटावाच्या सभागृहात १९० विरुद्ध १६ असे मतदान झाले. ते सोळा न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे, आणि त्यांचे नेते टॉमी डग्लस. मूळचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. कॅनडाच्या सार्वत्रिक आरोग्यसेवेचा पाया घालणारे म्हणून आज घरोघर नाव घेतले जाते असा माणूस. शेंगदाणा फोडायला सरकारने घण उचलला आहे, अशा अर्थाचे ते बोलले. लोकमत तेव्हा पूर्णपणे ट्रूडोंच्या बाजूचे होते. डग्लसांच्या स्वतःच्या पक्षातलेही चार जण त्यांना सोडून गेले. २०२२ च्या २१ फेब्रुवारीला पुन्हा तशीच वेळ आली आणि सभागृहाने १८५ विरुद्ध १५१ मतांनी आणीबाणी मान्य केली. अल्पमतातल्या सरकारला ती मते ज्यांनी पुरवली तो पक्ष होता डग्लसांचाच, जगमीत सिंग यांच्या नेतृत्वाखालचा. पक्षाचे जुने खासदार स्वेंड रॉबिन्सन यांनी हा १९७० च्या वारशाशी द्रोह आहे असे जाहीरपणे म्हटले. मला ते मनापासून पटले. डग्लस ज्यांच्यासाठी उभे राहिले ते त्यांना आवडत होते थोडेच?

पुरोगामी म्हणवणाऱ्या आम्हा लोकांची इथेच परीक्षा होते आणि इथेच आम्ही पुष्कळदा नापास होतो. २०२० च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबियातल्या वेट्सुवेटेन या मूलनिवासींच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी आपल्या भूमीवरून जाणाऱ्या गॅसवाहिनीला विरोध केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी देशभर रेल्वेमार्ग अडवले गेले. तेव्हा पोलिस पाठवा, मार्ग मोकळे करा, असा धोशा उजव्या पक्षाने लावला होता. दोन वर्षांनी तेच आंदोलकांच्या स्वातंत्र्याचे कैवारी झाले आणि आमच्या बाजूचे 'खाती बंद करा' म्हणू लागले. त्या रेल्वेमार्गावर बसलेल्या मोहॉक बायांची बँक खाती तेव्हा कोणी थांबवली नाहीत, कारण ती कल्पना अजून कोणाला सुचली नव्हती. आता ती सुचून झाली आहे.

याच वर्षी, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, ऑन्टारिओच्या प्रांतिक सरकारने शाळांतल्या ५५,००० कर्मचाऱ्यांच्या संपावर कायदा आणला. शाळा झाडणारे, मदतनीस, कारकून अशी ही माणसे. संपावर गेल्यास प्रत्येकी दिवसाला ४,००० डॉलरपर्यंत दंड! हा कायदा न्यायालयात पडू नये म्हणून १९८२ च्या हक्कसनदेतले ३३ वे कलम वापरले. सनदेतले काही मूलभूत हक्क काय वाटेल ते सांगोत, 'तरीही' हा कायदा चालेल, असे म्हणण्याची मुभा हे कलम विधिमंडळाला देते. इतर संघटना एकवटल्या तेव्हा सरकारने दोन आठवड्यांच्या आत कायदा मागे घेतला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अल्बर्टाने तेच कलम सुमारे ५१,००० संपकरी शिक्षकांवर वापरले.

कॅनडाची जमेची बाजूही सांगायला हवी. जुना वॉर मेझर्स अ‍ॅक्ट १९८८ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांची सभागृहात माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २१,००० डॉलर दिले. नव्या कायद्यात हक्कसनद लागू राहील, पार्लमेंटचे मत घ्यावे लागेल, आणि नंतर सार्वजनिक चौकशी करावीच लागेल, असे लिहिले. त्यामुळे २०२२ ची आणीबाणी नऊ दिवसांत, २३ फेब्रुवारीला उठली आणि खाती मोकळी झाली. त्या वर्षीच्या शरदात न्यायमूर्ती पॉल रूलो यांच्या आयोगापुढे खुली सुनावणी झाली. पंतप्रधान स्वतः शपथेवर साक्षीला बसले आणि कॉन्व्हॉयच्या वकिलांच्याही उलटतपासणीला त्यांनी तोंड दिले. १९७५ च्या आमच्या आणीबाणीत मी शाळकरी होतो. नंतरच्या शहा आयोगापुढे इंदिरा गांधींनी शपथ घ्यायला नकार दिल्याच्या बातम्या घरी मोठ्याने वाचल्या गेल्याचे आठवते. हा फरक लहान नाही.

रूलो यांचा अहवाल २०२३ च्या फेब्रुवारीत आला. कायदा पुकारण्याइतकी परिस्थिती होती, असे त्यांनी म्हटले, पण अनुत्सुकपणे. आणि खाती गोठवण्याची कल्पना मुळात चूक न मानताही संयुक्त खाती व ती सोडवण्याची वाट नसणे याबद्दल बोल लावले. दुसऱ्या बाजूने कॅनेडियन सिव्हिल लिबर्टीज असोसिएशन न्यायालयात गेली. १९६४ पासूनची ही संस्था. १९७० मध्येही ती याच बाजूला होती. कॉन्व्हॉयच्या घोषणांशी तिचे काही देणेघेणे नव्हते. फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती रिचर्ड मोझली यांनी २३ जानेवारी २०२४ रोजी निकाल दिला, की आणीबाणी पुकारणे कायद्याच्या कसोटीला उतरत नाही. नुसता फलक घेऊन पार्लमेंटसमोर शांतपणे उभा राहणाराही त्या नियमांनी गुन्हेगार ठरत होता, म्हणून अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग झाला. आणि कुठलाही वस्तुनिष्ठ निकष न लावता बँकांकडून माहिती घेणे व खाती थांबवणे, हा विनाकारण झडतीपासूनच्या संरक्षणाचा भंग. सरकारने त्याच दिवशी अपिलाची घोषणा केली.

निकाल लांबलचक आहे आणि बराचसा रूक्ष. पण शेवटाकडे मोझली यांनी एक गोष्ट लिहिली आहे, जी न्यायमूर्ती सहसा लिहीत नाहीत. हे प्रकरण हाती आले तेव्हा आपला कल सरकारच्या बाजूचा होता, आणि त्या दिवसांत मंत्रिमंडळाच्या टेबलाशी आपण बसलो असतो तर कदाचित आपणही होच म्हटले असते, असे ते म्हणतात. मग दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकले, कायदा शांतपणे वाचला, आणि मत बदलले. निकालातला तो भाग मी भाचीला फोनवर सावकाश वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले. "तो जज राहतो कुठे?" तिने विचारले. मी म्हणालो, माहीत नाही. "वेलिंग्टन रस्त्यावर नक्कीच नाही," ती म्हणाली, आणि मुलाला शाळेत पोहोचवायची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.